अण्णांनी बसवलेलं सील

काशिनाथ औटी निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीच्या कँटीनमध्ये त्यांचा छोटासा सत्कार झाला. डिझाइन विभागातर्फे मी बोलले. पाच-सात मिनिटं बोलले असेन. सचोटी, चिकाटी, कामावरची निष्ठा, असे शब्द वापरले. खाली बसले तेव्हा शेजारचे साहेब म्हणाले, छान बोललात. अण्णा खांद्यावरची शाल न आवरता, नारळ मांडीवर धरून माझ्याकडे बघत होते. नजरेत राग नव्हता. राग असता तर पुढची वर्षं मला जरा सोपी गेली असती.

त्यांच्याविषयी लिहायला बसले की ते भाषण आधी आठवतं. त्यात जे मी बोलले नाही ते आता सांगायचं आहे. पण त्याआधी अण्णा कसे होते ते सांगते.

आमची कंपनी नगरच्या एमआयडीसीत, पंप बनवणारी. पंपाच्या पोटात मोटरीने फिरणारा दांडा शिरतो, त्याला शाफ्ट म्हणतात. तो जिथून शिरतो तिथे भोक असणार, आणि भोक असलं की पाणी बाहेर यायला बघणारच. ते अडवायला दोन कडी असतात. एक शाफ्टबरोबर फिरतं, दुसरं जागेवर बसून राहतं. दोघांची सपाट तोंडं एकमेकांना टेकलेली आणि मागून स्प्रिंगचा दाब. हेच सील. जास्त दाबलं तर घासून तापतं, सैल सोडलं तर गळतं. दोन्हींच्या मधली जी जागा आहे ती केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक, आणि त्या जागेत अण्णांचं आयुष्य गेलं.

मी इंजिनियर होऊन नोकरीला लागले तेव्हा आमच्या विभागप्रमुखांनी मला पहिला महिनाभर सील रूममध्ये पाठवलं. डिझाइनला घेतलेली मी पहिलीच बाई. नवी साडी नेसून, वही घेऊन गेले. दारात एक बुटका, काटकुळा माणूस उभा होता. त्याने माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघितलं.

"अंगठी काढून ठेवा. हाताला काय लावलंय?"

मी म्हटलं, क्रीम. त्यांनी बोटाने कोपऱ्यातलं बेसिन दाखवलं. मी हात धुतले, त्यांनी बघितले आणि परत धुवायला लावले. मला फार राग आला. मनात म्हटलं, ह्या माणसाला माझी डिग्री सांगायला हवी. नंतर कळलं की कंपनीचे मालक आले तरी ते असेच हात बघत.

त्यांच्या स्वतःच्या हातांना कुठलाच वास नसायचा. नखं अगदी मुळापासून कापलेली. तंबाखू नाही, पान नाही, कपाळाला गंध लावायचे, पण लावून झालं की हात धुवून मगच कामाला निघायचे. दसऱ्याला सगळे एकमेकांना सोनं द्यायचे, अण्णा दोन्ही हात जोडून उभे राहायचे. हात मिळवायचे नाहीत. पारनेरजवळच्या आपल्या गावाहून रोज एसटीने यायचे आणि एसटीतला दांडा धरायला खिशात वेगळा रुमाल ठेवायचे.

काम म्हणाल तर असं: बिडाची जाड, सपाट प्लेट, तिच्यावर हिऱ्याच्या पुडीची पेस्ट आणि त्यावर कडं पालथं ठेवून फिरवत राहायचं. मुलं पाटीवर चाराचा आकडा गिरवतात तसं. न थांबता, न दाबता. मग कडं पुसून पिवळ्या दिव्याखाली न्यायचं आणि त्यावर काचेची चकती ठेवायची. काचेखाली काळ्या पट्ट्या दिसतात. पट्ट्या सरळ आल्या तर तोंड सपाट, वाकड्या आल्या तर पुन्हा प्लेटवर. वाकड्या पट्ट्या दिसल्या की अण्णा घशातल्या घशात काहीतरी पुटपुटायचे. सरळ आल्या की काहीच बोलायचे नाहीत, फक्त चष्मा काढून पुसायचे.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी खिडकीच्या काचेचे दोन तुकडे आणले. दोन्ही कोरडे करून एकावर एक ठेवले आणि मला वरचा सरकवायला सांगितला. तो अडखळत, किरकिरत सरकला. मग मध्ये पाण्याचा थेंब सोडला. काच बोट लावताच पळाली. मग त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी वरून इतकं दाबलं की पाणी कडेने बाहेर आलं, आणि म्हणाले, आता सरकवा. सरकेना.

"पानी अडवायचंय, पन थोडं पानी मधी ठिवून. पार पिळून काढलं की कडं कडंला खातं."

कॉलेजात चार वर्षांत जे शिकले त्याहून हे एक वाक्य मला जास्त पुरलं. आणि हेच वाक्य मी नको तेव्हा बाजूला ठेवलं.

अण्णा सोपे नव्हते. आपल्या प्लेटला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. त्यांच्या हाताखाली दिलेले दोन फिटर वैतागून बदली मागून गेले. कुणी त्यांच्या मापावर शंका घेतली तर चार-चार दिवस अबोला धरायचे. लिहायचा भयंकर कंटाळा. कुठलंही रजिस्टर पुढे केलं की म्हणायचे, कड्यावर लिवलंय की, दिव्याखाली वाचा.

एकदा साहेब पुण्याहून आलेल्या एका बड्या पाहुण्यांना घेऊन सील रूममध्ये आले. पाहुण्यांनी हौसेने ट्रेमधलं तयार कडं उचललं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, वा, आरसाच आहे. सगळे पुढे सरकले तेव्हा त्यांनी ते कडं शांतपणे उचललं आणि पुन्हा प्लेटशेजारी, अगदी सुरुवातीच्या रांगेत नेऊन ठेवलं. पाहुण्यांनी ते बघितलं आणि कारण विचारलं. अण्णा म्हणाले, "साहेब, तुमचा अंगठा लागला. वाईट काय न्हाई, पन आता ते पयल्यापास्नं करावं लागंल." आमच्या साहेबांचा चेहरा लाल झाला. पाहुणा मात्र मोठ्या मनाचा होता. पुन्हा आला तेव्हा सगळा वेळ हात पाठीमागे बांधून फिरला.

माझ्या मुलीच्या बारशाला अण्णा आणि काकू सावेडीला आमच्या फ्लॅटवर आले होते. जेवणं झाली आणि अण्णा दिसेनात. शोधत खाली गेलो तर सोसायटीच्या पंपघरात, मोठा स्क्रू ड्रायव्हर पंपाला टेकवून त्याची मूठ कानाला लावून बसले होते. पंप जुना, सीलऐवजी शाफ्टभोवती ग्लँडची दोरी गुंडाळलेला. थेंब गळतो म्हणून प्लंबर येऊन दर महिन्याला तो आवळून जायचा. अण्णांनी पाना मागून तो उलट सैल केला. सोसायटीचे चेअरमन म्हणाले, अहो गळतंय म्हणून ओरड आणि तुम्ही सैल करता? अण्णांनी त्यांना समजावलं की ही दोरी थेंबाने भिजते म्हणून टिकते, कोरडी आवळली तर शाफ्टच खाईल. मग काळे हात घेऊन वर आले. बाळाला घ्या म्हटलं तर नकोच म्हणाले. लांबूनच बाळाला नमस्कार केला. काकूंनी सगळ्यांसमोर त्यांची खरडपट्टी काढली, बारशाला आलात का पंपाला, म्हणून. त्या दिवशी मी किती हसले होते ते आठवतं.

पुढे मला माझं स्वतःचं पहिलं डिझाइन करायला मिळालं. साखर कारखान्यात उसाचा तापलेला रस ओढणाऱ्या पंपाचं सील. जुनी सीलं खूप घासायची, वीज खायची, तापून हंगामाच्या मध्येच बदलावी लागायची. मी कड्याचं तोंड अरुंद केलं, स्प्रिंगचा दाब कमी केला आणि तोंडावर अगदी उथळ खाचा दिल्या, म्हणजे फिरताना रसाचा पातळ थर आत ओढला जाईल आणि कडी एकमेकांवर तरंगतील. कागदावर हे फार देखणं दिसत होतं. ते खरं करायला अण्णांना आणि मला जवळजवळ वर्ष लागलं. आम्ही खूप भांडलो. ते तडकलेलं कडं रुमालात बांधून माझ्या टेबलावर आणून ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे. मी खाचांचा कोन बदलायची, ते पुन्हा करायचे.

शेवटी एक सील चाचणीच्या बाकावर न कुरकुरता चाललं. मोटरीचा ॲम्पियर काटा चांगलाच खाली आला. अण्णांनी सीलखाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवला होता, दुपारपर्यंत त्यावर मोजके डाग पडले. ते कागद उचलून माझ्याकडे घेऊन आले. म्हणाले, "पोरी, झालं बघ." मला ते नेहमी मॅडम म्हणायचे. पोरी असं त्या एकदाच म्हणाले.

ते मोजके डागच आडवे आले. ज्या कारखान्यासाठी पंप होता त्यांच्या ऑर्डरमध्ये लिहिलं होतं की चाचणीच्या वेळी एकही थेंब दिसता कामा नये. त्यांचा तपासणी अधिकारी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. आमचे प्रमुख मला म्हणाले, काहीही करा, पास झालं पाहिजे. मी त्यांना सांगू शकले असते की हा थेंब चांगला आहे, ऑर्डरमधली अट बदलून घ्या. सांगितलं नाही. मला भीती वाटली की ते म्हणतील, ह्यांचं डिझाइन गळतं.

दुपारी चारच्या सुमाराला मी सील रूममध्ये गेले आणि अण्णांना सांगितलं, दुसऱ्या मॉडेलच्या कडक स्प्रिंगा ह्यात घाला. ते हातातलं काम ठेवून माझ्याकडे वळले.

"गार पान्यावर पास हुईल. गरम रसात दोन तोंडांच्या मधलं पानी उकळून जाईल. कोरडं पडलं की कार्बनचं कडं तडकंल, मॅडम."

मी म्हटलं, तिथे पोचल्यावर मूळच्या स्प्रिंगा बदलून घेऊ, एकदा पास होऊ द्या.

"घिऊ म्हंजे कोन घेनार?"

"मी बघते ना, अण्णा."

ते कामाच्या टेबलाकडे वळले. मग सील उघडलं आणि स्प्रिंगा बदलल्या. मी काही लिहून दिलं नाही, त्यांनी मागितलं नाही. दुसऱ्या दिवशी एकही थेंब पडला नाही. अधिकाऱ्याने सही केली, पंप गेला.

मूळच्या स्प्रिंगा माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. पंप बसवायला जाणाऱ्या माणसाबरोबर त्या पाठवायचं मी खरंच ठरवलं होतं. तो गेला त्या दिवशी मी रजेवर होते. परत आल्यावर आठवण झाली, पण आता पाठवायच्या तर प्रमुखांना सांगावं लागणार होतं की चाचणी मी युक्तीने पास केली. आज सांगते, उद्या सांगते, असं करत गेले. हंगाम सुरू झाला, पंप चालू झाला, तक्रार आली नाही. मी स्वतःला पटवून दिलं की अण्णा उगाच घाबरतात.

एका सकाळी कारखान्यातून फोन आला. पंपातून किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला म्हणून ऑपरेटर वाकून बघायला गेला, आणि त्याच क्षणी सील फुटलं. तापलेला रस त्याच्या डाव्या हातावर आणि मानेवर उडाला. जीव वाचला, हात मात्र पूर्वीसारखा झाला नाही.

फुटलेलं सील परत आलं. उघडल्यावर दिसलं की स्प्रिंगा ड्रॉइंगप्रमाणे नाहीत. चौकशीला तिघेजण होते: आमचे प्रमुख, क्वालिटीचे साहेब आणि कारखान्याचा एक माणूस. मला बोलावून विचारलं, तुम्ही काही बदल सांगितला होता का? मी त्या तिघांकडे बघितलं. मी हो म्हटलं तर मी बाहेर पडल्यावर ते काय म्हणतील ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं, बाईच्या हातात डिझाइन दिलं की असंच. आज वाटतं, म्हणू द्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. आणि कुणी विचारलेलं नसताना पुढे म्हणाले, "माझ्याकडून काही बदल नव्हता."

अहवालात लिहिलं गेलं, जोडणीतली चूक. अण्णांना एक पत्र मिळालं आणि त्यांची बदली डिस्पॅचला झाली. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

डिस्पॅचला ते लाकडी खोक्यांना खिळे ठोकायचे आणि पत्ते चिकटवायचे. कँटीनला जायची वाट तिथूनच होती. मी मागच्या दाराने, पार्किंगमधून जायला लागले. कधी चुकून समोर आले तर ते नेहमीसारखेच म्हणायचे, नमस्कार मॅडम, आणि हात जोडायचे. त्या हातांना आता डिंक लागलेला असायचा. माझ्याच डिझाइनमध्ये मूळच्या स्प्रिंगा घालून पुढे ती सीलं भरपूर विकली गेली. रिसेप्शनच्या भिंतीवर माझा फोटो लागला. त्यानंतर ते भाषण झालं.

बरीच वर्षं गेली. मी विभागप्रमुख झाले. मागच्या वर्षी क्वालिटी विभागात रेश्मा नावाची इंजिनियर आली. जुन्या बिघाडांच्या फायली वाचणं तिचं काम. एक दिवस ती फाइल घेऊन माझ्या केबिनमध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, एक कळत नाही. ह्या औटींच्या हातून इतक्या वर्षांत एकही चुकीची जोडणी नाही. मग ही एकच कशी?" मी म्हटलं, माणूस आहे, चुकतो. ती म्हणाली, हो, ते आहेच, आणि गेली. मी खुर्चीतच बसून राहिले. चौकशीत खोटं बोलले तेव्हा निदान घाबरलेली तरी होते. आता तर तेही कारण नव्हतं.

त्या रविवारी मी गाडी काढून पारनेरजवळच्या त्यांच्या गावी गेले. पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचले तर ते पत्र्याच्या शेडमध्ये कुणाची तरी पाणबुडी मोटर उघडून बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पाठ वाकलेली. काकूंनी मला लगेच ओळखलं, मुलगी केवढी झाली विचारलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. वाटेत मी मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती. प्रत्यक्षात कसंबसं एवढंच बोलले की चौकशीत मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले.

"ठावं हाय की," अण्णा म्हणाले. हातातला नट ते पुसत राहिले.

"मग तुम्ही का नाही बोललात? माझ्यासाठी गप्प बसलात का?"

"न्हाई वो. मला कोनी इचारलंच न्हाई."

त्यांना चौकशीला बोलावलंच नव्हतं. थेट पत्र हातात दिलं होतं. इतकी वर्षं मी मनाच्या एका कोपऱ्यात धरून चालले होते की त्यांनी मला सांभाळून घेतलं. तेवढाच काय तो मला आधार होता. ते म्हणाले, पत्र मिळाल्यावर त्यांनी आठ दिवस वाट बघितली, मी येऊन काहीतरी सांगेन म्हणून. मग सोडून दिलं.

मी रडले. त्यांनी रडू दिलं, समजूत वगैरे घातली नाही. मी माफी मागितली तेव्हा म्हणाले की माझ्याकडे काय मागता, बसवलं तर मीच होतं. काय होणार ते कळत होतं, तरी बसवलं. मग त्यांनी विचारलं, "मी न्हाई बसवीत म्हनलो असतो, तर तुमी काय केलं असतं?" दुसऱ्या फिटरकडून बसवून घेतलं असतं, हे खरं उत्तर होतं.

"त्या मान्साला सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कुठल्या?

अण्णांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या तोंडून तो शब्द निघून गेला होता. मला त्या ऑपरेटरचं नावही माहीत नव्हतं. अहवालात त्याला ऑपरेटर म्हटलं होतं आणि मी त्यापलीकडे कधी गेले नव्हते.

"सोपान," ते म्हणाले. "बेलापूरला ऱ्हातो."

अण्णा दर दोन-तीन महिन्यांनी त्याच्याकडे जात होते, डिस्पॅचला गेल्यापासून. पुढच्या बुधवारी जाणार होते. म्हणाले, यायचं असलं तर बेलापूरच्या स्टँडवर या. मी म्हटलं, मी तुम्हाला इथून गाडीने नेते. ते म्हणाले, एसटी हाय.

बुधवारी स्टँडपासून आम्ही चालत गेलो. सोपानचं किराणा दुकान होतं, मागे घर. पन्नाशीचा, भरल्या अंगाचा माणूस. डाव्या हाताची बोटं आखडलेली, मानेवरची कातडी ओढल्यासारखी. अण्णांना बघून तो मोकळा हसला, फळीवरचं पोतं सरकवून त्यांना बसायला जागा केली. अण्णांनी माझी ओळख करून दिली, ह्या वैशाली मॅडम, आमच्या कंपनीत डिझाइनला हायेत. एवढं बोलून ते रस्त्याकडे तोंड करून बसले. ते मला मदत करणार नव्हते.

मी सांगितलं. स्प्रिंगा मी बदलायला लावल्या, मूळच्या पाठवायच्या होत्या त्या पाठवल्या नाहीत, आणि चौकशीत खोटं बोलले. सोपान ऐकताना हातातला तराजूचा काटा चोळत होता. माझं झाल्यावर तो माझ्याशी नाही, अण्णांशी बोलला.

"अण्णा, तुमी पयल्या दिवशी आले तवा म्हनले, माझ्या हातचं हुतं. मी शिव्या दिल्या तुमाला. दोन वर्षं तुमाला ह्या पायरीच्या आत घेतलं न्हाई. उन्हात उभं ऱ्हाऊन जायचे तुमी."

"बसवलं मीच हुतं, सोपान."

"ते न्हाई इचारलं मी. मला खरं का न्हाई सांगितलं?"

अण्णा रस्त्याकडेच बघत राहिले. मग सोपान माझ्याकडे वळला. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"गरम रसात काय हुईल, ते तुमाला म्हाईत हुतं का?"

"अण्णांनी सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. तेवढ्यात एक बाई तेलाची बाटली घेऊन आली. तो उठून तिचं तेल मोजायला गेला आणि माझ्याकडे परत आला नाही. त्याच्या बायकोने आतून चहा आणला. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिने मला आग्रह करून बिस्किटं दिली. मी ती खाल्ली, कारण नको म्हणायचं धैर्य नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी सगळं लिहून आताच्या मालकांना दिलं. ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे, आता उकरून कुणाचं भलं होणार? मी सांगितलं, हा कागद त्या फाइलला लावल्याशिवाय मी केबिनमधून उठणार नाही. लावला. रेश्माला मी स्वतः वाचायला दिला. तिने वाचून फाइल बंद केली आणि त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. अण्णांना कंपनीचं पत्र गेलं, त्यांच्यावरचा ठपका काढून टाकल्याचं. काकू म्हणाल्या, वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं. ह्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. दहाव्याला सोपान आला होता, भर गर्दीत रडला. माझ्या शेजारून गेला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी अण्णांना शेवटचं जिवंत बघितलं ते त्या बुधवारीच. चहा झाल्यावर मी उठले आणि म्हटलं, अण्णा, चला, गावी सोडते. त्यांनी नकार दिला, तुमी व्हा म्हणाले. मी चालत स्टँडवर जाऊन गाडी घेतली. निघायची वाट दुकानावरूनच होती. दुकानात आता पाच-सहा गिऱ्हाइकं जमली होती. सोपान खाली मान घालून साखर बांधत होता. पोत्याजवळची मघाची जागा रिकामी होती. अण्णा खाली उतरून पायरीच्या बाहेर, उन्हात, चपला काढून उभे होते, दोन्ही हात पुढे एकमेकांत धरून. एकेक गिऱ्हाईक जात होतं आणि ते थोडं बाजूला सरकून त्याला वाट देत होते. सोपान वर बघत नव्हता. मागून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मला गाडी पुढे घ्यावी लागली.